मोटर-नियंत्रणाची जडणघडण : भाग ५
दोन स्विचांमधला एक मायक्रोसेकंद

मागील भागात तीन फेज इंडक्शन मोटरीला हव्या त्या वारंवारतेचा पुरवठा देणाऱ्या इन्व्हर्टरची जुळणी पाहिली. त्याच्या तीन भुजांमधील सहा आयजीबीटी स्विच केव्हा चालू व केव्हा बंद करायचे हे ठरवणारे मंडल प्रथम प्रायोगिक स्वरूपात घडवताना एफपीजीए ही पुनर्रचनाक्षम चिप का निवडली जाते, हा या भागाचा विषय आहे.

एफपीजीएमध्ये असंख्य लहान तर्ककोष्टके, स्मृतिपेशी आणि त्यांना जोडणारे तारांचे जाळे असते; कोणते कोष्टक काय करील व कशाला जोडले जाईल, हे चिप कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर वापरणारा ठरवतो. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली आणलेल्या एक्ससी२०६४ या चिपमध्ये असे ६४ तर्कखंड होते. मायक्रोकंट्रोलरचा प्रोसेसर सूचना एकापाठोपाठ एक पाळतो. एफपीजीएत मात्र व्हीएचडीएल किंवा व्हेरिलॉग भाषेतील वर्णनातून प्रत्यक्ष मंडलच उभे राहते, त्यामुळे त्याचे सर्व भाग एकाच वेळी चालतात आणि एका भागाचे काम वाढले म्हणून दुसऱ्याला उशीर होत नाही.

या गुणाचे मोल ‘डेड टाइम’मध्ये स्पष्ट दिसते. एका भुजेतील वरचा आणि खालचा स्विच क्षणभर जरी एकदम चालू राहिले, तरी डीसी पुरवठ्याची दोन्ही टोके थेट जोडली जातात; ४१५ व्होल्टचा पुरवठा एकदिश केल्यावर हा दाब सुमारे ५८५ व्होल्ट होतो आणि काही मायक्रोसेकंदांत स्विच जळू शकतो. आयजीबीटी बंद व्हायला वेळ घेतो, म्हणून एक बंद करून दुसरा चालू करण्यापूर्वी दोन्ही बंद ठेवण्याचा जो अल्प अवकाश सोडतात, तोच डेड टाइम. १०० मेगाहर्ट्झच्या घड्याळाचा एक ठोका १० नॅनोसेकंदांचा असल्याने १०० ठोके मोजणारा साधा गणक बरोबर एक मायक्रोसेकंदाचा अवकाश राखतो. तो अपुरा ठरल्यास स्विच धोक्यात येतात, अधिक झाल्यास प्रवाहाचा आकार शून्याजवळ बिघडून मंद गतीला मोटर हिसके देते. योग्य मूल्य सापडेपर्यंत १०० च्या जागी १२० किंवा १५० लिहून मंडल पुन्हा चिपमध्ये भरता येते, त्यासाठी पाटीवरचा एकही टाका उकलावा लागत नाही.

परंतु ही मोकळीक एक जबाबदारीही आणते. बहुतेक एफपीजीएंची रचना वीज जाताच पुसली जाते आणि वीज आल्यावर बाहेरील स्मृतीतून ती पुन्हा भरली जाईपर्यंत चिप आपल्या पिनांवर कोणताही आदेश देत नसते. या काळात स्विच आपोआप चालू होऊ नयेत, म्हणून गेट ड्रायव्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेवर तिला शून्य पातळीवर खेचून ठेवणारा रेझिस्टर बसवावाच लागतो. चिपमधील तर्क कितीही निर्दोष असला, तरी तो भरला जाण्याआधीच्या क्षणाचे रक्षण त्याला करता येत नाही.

याच कारणाने चाचणीचा क्रम पाळणे अगत्याचे ठरते : आधी संगणकावर अनुकरण, मग इन्व्हर्टर न जोडता सहाही संकेत ऑसिलोस्कोपवर पाहणे, त्यानंतर प्रवाहमर्यादा लावलेल्या २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर मोटर फिरवणे, आणि सर्वांत शेवटी पूर्ण दाब. मंडल बदलणे सोपे असले, तरी जळालेला स्विच पुन्हा लिहिता येत नाही, हे भान प्रत्येक पायरीवर राखले, तरच पुनर्रचनेच्या सोयीचे चीज होते.

पुढील भागात : एन्कोडरच्या दोन संकेतांवरून वेग व दिशा यांचे मोजमाप.