दारातला कुत्रा आणि दारावरचा माणूस

घरी मागविलेली वस्तू दारात आणून देणारा माणूस आता शहरात दूधवाल्याइतकाच ओळखीचा झाला आहे. त्याचे तोंड आपण पाहतो ते जेमतेम अर्धा मिनिट. घंटा वाजते, आपण दार उघडतो, तो मोबाइलवर आलेला आकडा विचारतो, खोके हातात देतो आणि जिना उतरू लागतो. हे अर्धे मिनिट सोडले तर त्याच्या दिवसाचे बाकीचे तास कसे जातात, ह्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. आम्ही कामगार संघटनेचे काम करतो, आणि गेली काही वर्षे ह्या धंद्यातली मुले आमच्या कचेरीत येत असतात. रस्त्यातला खड्डा, ओला जिना, हरवलेले खोके, कापलेला पैसा ह्या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी. पण त्या सगळ्यांत पुन्हा पुन्हा डोकावणारा प्राणी म्हणजे कुत्रा.

कुत्रा चावल्याची तक्रार ऐकून लोक प्रथम हसतात. त्यात हसण्यासारखे थोडे आहेही. कुत्र्याला भिऊन पाण्याच्या टाकीवर चढून बसलेला आणि तेथूनच गिऱ्हाइकाला फोन करणारा मुलगा आम्हास ठाऊक आहे. परंतु कुत्र्याचा चावा हा ह्या धंद्यातला अपघात आहे, आणि अपघात म्हटला की तो का होतो, त्याचा खर्च कोण सोसतो आणि तो कसा टाळावा हे तीन प्रश्न आलेच. त्यांचाच येथे विचार करावयाचा आहे.

पहिली गोष्ट पत्त्याची. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी. संस्कृतचे कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. सहा आकड्यांतील पहिला आकडा देशाचा विभाग दाखवितो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा कळतो, आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय सांगतात. पुण्याचे पत्ते ४११ ने सुरू होतात, मुंबईचे ४०० ने. योजना उत्तम, पण ती आपल्याला पोस्टाच्या दारापर्यंत नेऊन सोडते. तेथून घराच्या दारापर्यंतची वाट पोस्टमनच्या डोक्यात असे. वर्षानुवर्षे एकाच बिटावर फिरणाऱ्या पोस्टमनला कोणत्या वाड्यात कोण राहतो हे जसे ठाऊक, तसेच कोणत्या फाटकामागे कोणता कुत्रा आहे हेही ठाऊक. आणि कुत्र्यांनाही तो ठाऊक.

पार्सलवाल्याचे तसे नाही. आज त्याला एका भागात धाडतात, उद्या दुसऱ्या. पत्त्यावर लिहिलेले असते, "मारुतीच्या देवळाजवळ". आणि पुण्यात मारुतीची देवळे किती हे पुणेकरांना सांगावयास नको. एकाच रस्त्यावर एकाच नावाच्या दोन सोसायट्या असतात. मोबाइलवरचा नकाशा मागच्या बोळात नेऊन उभा करतो. मग हा माणूस थांबतो, मागे वळतो, मान खाली घालून मोबाइल पाहतो, एक फाटक ढकलून पाहतो, पुन्हा परत येतो. आता हेच सारे कुत्र्याच्या नजरेने पाहावे. अनोळखी माणूस, पाठीवर भले मोठे ओझे, आणि चाल चोराची! म्हणजे अपुरा पत्ता आणि रोज बदलणारा भाग, ह्या दोन गोष्टींनीच चाव्याची निम्मी तयारी झालेली असते.

उरलेली निम्मी कुत्र्याच्या स्वभावात आहे. गल्लीतल्या कुत्र्यांची आपापली हद्द असते. त्या हद्दीत शिरलेल्या मोटारसायकलीच्या चाकांना दुसऱ्या गल्लीतल्या कुत्र्यांचा वास असतो, आणि पळणाऱ्या वस्तूमागे धावणे ही तर कुत्र्याची उपजत खोड. कुत्रा मागे लागला की चालविणारा घाबरून वेग वाढवितो. वेग वाढला की कुत्र्याला अधिक चेव येतो. कुत्री नुकतीच व्यालेली असेल तर ती पिलांसाठी धावते, आणि जेथे कचराकुंडी भरून वाहते तेथे अन्नासाठी टोळी जमते. अशा वेळी दात लागून होणाऱ्या जखमेपेक्षा पडून होणारी दुखापत पुष्कळदा मोठी ठरते. पुढे खोक्यांची चळत, मागे खोक्यांची चळत, त्यात एक पाय कुत्र्याला दूर ठेवण्यासाठी वर उचललेला. मग वाळूवरून चाक घसरावयास कितीसा वेळ लागतो?

पाळलेल्या कुत्र्याची गोष्ट थोडी निराळी आणि अधिक मौजेची आहे. घरातला कुत्रा रोज दारावर येणाऱ्या माणसावरच इतका का चवताळतो? पाहुणा आला तर तो आत येतो, बसतो, चहा घेतो; कुत्रा त्याला हुंगतो आणि गप्प बसतो. पार्सलवाला मात्र येतो, कुत्रा भुंकतो, आणि पार्सलवाला निघून जातो. तो जातो ते काम संपले म्हणून; पण कुत्र्याला वाटते, आपण भुंकलो म्हणून गेला. रोज हीच लढाई, आणि रोज कुत्र्याचाच विजय! अशा शंभर विजयांनंतर एके दिवशी दार थोडे जास्त उघडे राहते, आणि मालकाच्या पायांमधून तो विजयी वीर बाहेर झेपावतो.

त्या क्षणी मालकाच्या तोंडून एकच वाक्य निघते: "घाबरू नका, तो काही करीत नाही." हे वाक्य खोटे नसते. मालकाला तो खरोखरच काही करीत नाही. मालकाचा अनुभव मालकापुरता खरा, आणि पार्सलवाल्याच्या पोटरीचा अनुभव तिच्यापुरता खरा. दुसऱ्याचे दुःख आपल्या अनुभवाने मोजावयाचे, ही खोड केवळ कुत्रेवाल्यांना नाही. गिरणीच्या साच्यावर बोट तुटले तेव्हाही साहेब म्हणत असे की, यंत्र चांगले आहे, माणसाने जपून राहावे.

चावा बसल्यावर काय करावे, ह्याविषयी शिकलेल्या लोकांतही अज्ञान आहे, म्हणून ते स्पष्ट सांगितले पाहिजे. पिसाळण्याचा रोग विषाणूमुळे होतो आणि तो जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो. एकदा रोगाची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण लक्षणे दिसण्यापूर्वी उपचार नीट झाले तर तो टाळता येतो. म्हणून जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. जखमेत तिखट, चुना, हळद वा तेल भरू नये. मग त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत ही लस मोफत मिळते. रक्त निघाले असेल तर लशीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे औषधही टोचावे लागते. ते डॉक्टरकडे मागून घ्यावे. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा हे खरे, परंतु त्याच्यासाठी उपचार थांबवू नयेत.

पुष्कळ माणसे इस्पितळात जात नाहीत त्याचे कारण एक जुनी भीती आहे: पोटात चौदा इंजेक्शने! ही भीती निराधार नव्हती. पाश्चर ह्यांनी १८८५ साली कुत्रा चावलेल्या एका मुलाला पहिल्याने लस टोचली, आणि १९०० साली आपल्याकडे कसौली येथे पाश्चर संस्था निघाली. तेथे डेव्हिड सेंपल ह्यांनी मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली, आणि जवळजवळ शंभर वर्षे आपल्या गोरगरिबांनी तीच पोटात टोचून घेतली. परंतु २००४ साली तिचे उत्पादन आपल्या देशात थांबले. आता लस दंडात टोचतात. कातडीत द्यावयाची असेल तर पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, अशा चार खेपा होतात. स्नायूत द्यावयाची असेल तर चौदाव्या दिवशीची आणखी एक, म्हणजे पाच.

चार खेपा! येथेच आमच्या विषयाचे मर्म आहे. महिन्याचा पगार असलेल्या माणसाला चार खेपा म्हणजे चार अर्ज. खोक्यामागे पैसे मिळणाऱ्या माणसाला चार खेपा म्हणजे बुडालेले चार अर्धे दिवस, आणि ते दिवस बुडविल्याबद्दल हातचा चांगला भागही दुसऱ्याला जातो. आमच्याकडे आलेल्या एका मुलाने दोन टोचण्यांनंतर जाणे सोडले होते. का, असे विचारता तो म्हणाला, "साहेब, जखम भरली की." जखम भरली हे खरे, पण लस जखमेसाठी नसतेच. त्याला हाताला धरून दवाखान्यात न्यावे लागले. लस सरकार फुकट देते, पण ती घेण्याचा वेळ फुकट मिळत नाही, आणि वेळ विकत घेण्याची ऐपत त्याची नसते.

मग हा वेळ कोणी द्यावा? कामावर असताना आणि कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आले. पार्सल देताना दारात चावलेला कुत्रा हा कामातलाच अपघात, ह्यात शंका घेण्यासारखे काही नाही. अडचण एवढीच की, पुष्कळ ठिकाणी ह्या माणसाला कामगार म्हणतच नाहीत. त्याला "भागीदार" म्हणतात. असा भागीदार जगाच्या व्यापारात दुसरा सापडावयाचा नाही, ज्याच्या वाट्याला नफ्यातला पैसा नाही, पण कुत्र्याचा चावा मात्र सबंध येतो!

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अशा कामकऱ्यांची नोंद प्रथमच केंद्राच्या कायद्यात घेतली गेली. त्यांच्यासाठी अपघात विमा, आरोग्य, म्हातारपण इत्यादींच्या योजना आखाव्यात, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यासाठी द्यावी, असे तीत आहे. मात्र ही रक्कम कामकऱ्यांना द्यावयाच्या पैशाच्या पाच टक्क्यांहून अधिक असावयाची नाही. हे पहिले पाऊल आहे, आणि आम्ही त्याचे स्वागत करतो. पण कायद्यातले कलम आणि पोटरीवरची जखम ह्यांच्या मधले अंतर संघटनेवाचून तुटत नाही, हा आमचा अनुभव आहे.

ह्याला इंग्लंडातले उदाहरण देण्यासारखे आहे. तेथे धोकादायक कुत्र्यांविषयीचा १९९१ चा कायदा होता. पण कुत्रा मालकाच्या खाजगी आवारात चावला तर त्याचा फारसा उपयोग नव्हता. आणि पोस्टमनला तर आवारात शिरूनच टपाल द्यावे लागते. तेथील दळणवळण कामगारांच्या संघटनेने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला, आणि २०१४ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा खाजगी आवारालाही लागू झाला. अमेरिकेतले टपाल खाते आपल्या किती माणसांना कुत्रे चावले ह्याचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करते; २०२४ साली ते सहा हजारांवर होते. कुत्रा मोकळा असेल तर त्या घराचे टपालही तेथे थांबविता येते. जे मोजले जाते त्याचाच उपाय होतो. ह्यासाठी तरी आपल्याकडे प्रत्येक चावा कागदावर आला पाहिजे.

आपल्याकडेही कायदा अगदीच मुका नाही. पाळलेल्या जनावरापासून दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी जो घेत नाही, त्याला भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु आम्हास कोणाला तुरुंगात धाडावयाचे नाही. कुत्र्यांशीही आमचे वैर नाही. गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करणे हे २०२३ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थांचे काम आहे. ते नेटाने झाले आणि कचरा वेळेवर उचलला गेला, तर कुत्राही सुखी आणि माणूसही.

तेव्हा करावयाचे काय? पार्सलवाल्याने कुत्रा मागे लागल्यास वेग वाढवू नये. गाडी हळू करावी, थांबावे, आणि गाडी आपल्या व कुत्र्याच्या मधे ठेवावी. डोळ्याला डोळा भिडवू नये, लाथ उगारू नये, पाठ फिरवून पळू नये. पडलोच तर अंग मुडपून मान आणि कान हातांनी झाकावे. फाटक उघडण्यापूर्वी ते जरा वाजवावे. जुन्या काळचा टपालाचा हरकारा भाल्याला घुंगरे बांधून रानातून जात असे. आपण येत आहोत हे आधी कळविणे ही त्याचीच युक्ती.

कंपनीने ज्या दारात कुत्रा आहे त्याची खूण पत्त्यापुढेच ठेवावी. चाव्यानंतरच्या सर्व खेपांचे दिवस भरून द्यावेत. आणि आपल्या माणसांना आगाऊ लस टोचावी. ती घेतलेली असली तर चावल्यानंतर दोनच टोचण्या पुरतात आणि जखमेतले ते महाग औषधही लागत नाही. ह्या मागण्यांत क्रांती कोठेही नाही.

आणि गिऱ्हाइकाने? त्याने पत्ता पुरता लिहावा, आणि घंटा वाजली की दार उघडण्यापूर्वी कुत्र्याला आतल्या खोलीत बांधावे. ह्याला पंधरा सेकंद लागतात. तेवढे न झाल्यास दारावरच्या माणसाला अठ्ठावीस दिवसांत चार खेपा घालाव्या लागतात. हिशेब इतका सरळ आहे की, तो समजावयास शाळेत जावे लागत नाही.