मुलांच्या ताटाचा खर्च कोणाच्या खाती?

वर्ध्यात शिक्षणाविषयी बोलावयाचे तर २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवसांपासून आरंभ करणे भाग आहे. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली आपल्या गावी शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. हे ठराव बहुतेकांना ठाऊक असतात. शेवटचा ठराव मात्र सभांतून सहसा ऐकू येत नाही. या पद्धतीतून शिक्षकांचे वेतन हळूहळू निघावे, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली होती.

ही अपेक्षा कोठून आली, हे समजून घेतले पाहिजे. प्रांतांत नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती. शाळांचा बराच खर्च दारूवरील कराच्या उत्पन्नातून भागे. दारूबंदी केली तर शाळा कशावर चालवावयाच्या, हा पेच होता. गांधीजींनी तो चरख्याने सोडवू पाहिला. प्रा. के. टी. शहा यांनी त्याच परिषदेत त्यास हरकत घेतली. पुढे डॉ. झाकीर हुसेन समितीने साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली; परंतु कमाईच्या नादात शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका आहे, असेही तिने बजावून ठेवले.

कामगारांत वावरणाऱ्या आम्हांला हाताच्या कामाची थोरवी कोणी पटवून द्यावयास नको. मुलाने सूत कातावे, वाफा खणावा, सुतारकाम शिकावे. पण त्या सुतावर मास्तरांचा पगार बसविणे आम्हांला कधीच पटलेले नाही. शाळेचा खर्च सरकारी तिजोरीचा; तो मुलाच्या मनगटावर टाकता येत नाही. हे नवे नव्हे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच मांडले होते : तिजोरी भरते रयतेच्या घामाने, आणि रयतेची मुले मात्र शाळेबाहेर. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. गोखल्यांचे १९११ चे विधेयक पुढल्या वर्षी नामंजूर झाले. शिक्षणहक्काचा कायदा अमलात यावयास १ एप्रिल २०१० उजाडावे लागले.

शाळेबरोबर ताटही आले, कारण उपाशी पोटी फळ्यावरचे अक्षर डोक्यात शिरत नाही. देशात ही योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून आहे. तथापि पुष्कळ ठिकाणी मुलाच्या हाती कोरडे धान्यच पडे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेलेच अन्न द्या, असा आदेश दिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क झाला. आजचे माप असे : पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल, त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. धान्य केंद्राकडून येते. बाकी डाळ, भाजी, तेल, मीठ, जळण यांसाठी १ मे २०२५ पासून मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत. बाजारहाट करणाऱ्या गृहिणीने हा हिशेब जुळवून दाखवावा!

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने या ताटात आठवड्यातून एक अंडे आणले. न खाणाऱ्यास केळे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे प्राथमिकच्या मुलाचा अर्धा वाटा. २८ जानेवारी २०२५ च्या निर्णयाने त्याचा सरकारी पैसा थांबला. हवे असेल तर शाळांनी लोकसहभागातून करावे, असे सांगण्यात आले. लोकसहभाग हा शब्द गोड आहे. वर्गणीवर व्याख्यानमाला चालते, गणपतीही बसतो. पण वर्गणी जेथे जमते तेथे भूक नसते, आणि भूक असते तेथे वर्गणी जमत नाही. वर्ध्याच्या बाजारपेठेतली शाळा अंडी आणील. कारंजा-आष्टीकडच्या आडगावच्या गुरुजींनी कोणाचे दार ठोठवावे? चरख्याऐवजी आता दानपेटी आली, एवढाच फरक.

राज्यात पाच वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ च्या पाहणीत शेकडा ३४.४ होते, २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२ भरले. हे वय शाळेचे नव्हे, अंगणवाडीचे. तेथील सेविका व मदतनीस ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर गेल्या आणि जवळजवळ दोन महिने राहिल्या. मुलांचे हाल करतात, असे पुष्कळ सुशिक्षित म्हणाले. त्यांना आमचे विचारणे एवढेच की, जिला पगार न देता ‘मानधन’ देतात तिने मुलांचे हाल किती वर्षे स्वतःच्या अंगावर झेलावयाचे? शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बाईचे मानधन २०२३ मध्ये १,५०० वरून २,५०० झाले, तेही महिन्याचे. चुलीपाशी रोज उभी राहणारी ही बाई या योजनेची सर्वांत मोठी देणगीदार आहे. तिचे नाव कोठल्याच फलकावर नाही.

आता श्रोत्यांच्या उपयोगाचे थोडे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. अन्न वाढण्यापूर्वी मोठ्या माणसाने ते चाखावयाचे असते. धान्य, पैसा, जळण वा स्वयंपाकी नाही म्हणून एखाद्या दिवशी जेवण झाले नाही, तर २०१५ च्या नियमांप्रमाणे त्या दिवसाचे धान्य व शिजविण्याचा खर्च मिळून भत्ता मुलाला द्यावा लागतो, तोही पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. हा भत्ता मागणारे पालक आम्हांला फार थोडे भेटले. मागणी तोंडी करू नये. अर्ज लेखी द्यावा, त्यावर तारीख घालावी, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.