विंडोज मागे गेलं, मशीन तिथंच राहिलं

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद केले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर मिळणार होते. पण ही बारीक टाइपातली सवलत मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी पोचण्याआधीच 'आता अकरा मारावंच लागते भाऊ' हा निरोप पोचलेला असतो. सातबारा आणि पीकविम्याची कामं करणारी सेवा केंद्रं, लग्नपत्रिका लावणारी डीटीपीची दुकानं, कापसाच्या गाड्या मोजणारे वजनकाटे, सगळ्यांच्या टेबलावर विंडोजच. अकरा मारलं की चार दिवसांत कुरबुर सुरू होते. अंगठ्याचं मशीन धरत नाही, मराठी फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे डोंगल, ओळखलं जात नाही, काट्यावरचा डॉसच्या जमान्यातला प्रोग्राम तर उघडतच नाही. मग 'जुनंच बरं होतं' म्हणत विंडोज मागे नेतात आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. बटण दाबलं की लोगो येतो, ठिपके फिरतात, पडदा निळा होतो, मशीन आपोआप रीस्टार्ट. पुन्हा लोगो, पुन्हा निळा पडदा.

यावर आपल्याकडचा हुकमी इलाज एकच: फॉरमॅट मारा. या इलाजावर माझा राग आहे. डेस्कटॉपवर साठवलेले लोकांचे स्कॅन आणि वर्षभराची बिलं त्यात जातात आणि पुष्कळदा दुखणं जागच्या जागी राहतं. कारण मागे जातं ते फक्त विंडोज. बायोसमधल्या सेटिंग आणि डिस्कची मांडणी अकरासाठी बदललेली असते, ती तशीच राहते.

विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, यूईएफआय पद्धतीचं बूट लागतं आणि ते फक्त ६४ बिटमध्येच मिळतं. जुन्या मशीनवर ते बसवताना कारागीर बायोसमधलं 'लेगसी' काढून 'यूईएफआय' करतो आणि डिस्क एमबीआर मांडणीतून जीपीटी मांडणीत नेतो. पुढं दहावर परत आल्यावर कुणीतरी 'आधी होतं तसं' म्हणून पुन्हा लेगसी लावतो. झालं! काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशी इंग्रजी ओळ येते आणि हार्डडिस्क गेली असं ठरवून नवी आणायला जवळच्या वणीला माणूस धाडला जातो. डिस्क ठणठणीत असते. जीपीटी डिस्कवरचं विंडोज लेगसीत सुरूच होत नाही, एवढंच. बायोसमध्ये यूईएफआय परत लावलं की काम होतं.

म्हणून आधी बघायचं ते मशीन कुठं अडतं हे. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं आली, तर विंडोजची पाळीच आलेली नाही; बायोस, केबल किंवा बूटच्या फाइली तपासायच्या. लोगो येऊन पडदा निळा झाला, तर विंडोज सापडलंय पण एखाद्या ड्रायव्हरवर अडखळलंय. पासवर्ड टाकल्यावर गोठलं, तर बहुतेक वेळा अँटिव्हायरस किंवा आपोआप सुरू होणारं एखादं सॉफ्टवेअर दोषी.

निळ्या पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा. खालच्या ओळीतच निदान असतं. विंडोज मागे नेल्यावर हमखास भेटणारी ओळ म्हणजे 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. डिस्कशी बोलण्याची पद्धत बायोसमध्ये ठरते: आयडीई, एएचसीआय किंवा रेड. विंडोज बसवताना एक पद्धत होती आणि आता दुसरी आहे, तर विंडोज स्वतःच्याच डिस्कपर्यंत पोचत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून यात 'व्हीएमडी' नावाची आणखी एक सेटिंग आली आहे. ती चालू असली की विंडोज १०च्या सेटअपला वेगळा ड्रायव्हर दिल्याशिवाय डिस्क दिसतच नाही.

ही पद्धत कुणी न बदलता बदलते कशी? मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो, क्रमांक सीआर २०३२. तो मेला की लाईन गेल्यावर बायोस सगळं विसरून कारखान्याच्या सेटिंगवर जातं. जुन्या मशीनवर हे मला सर्रास दिसतं, आणि ओळखण्याची खूण अगदी सोपी: बिलावर तारीख कितीतरी वर्षं मागची छापली जाते. सेल स्वस्तातला, कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळणारा. तो बदला आणि डिस्कची पद्धत पूर्ववत करा. मात्र बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू असेल, तर बायोसला हात लावण्याआधी त्याची ४८ अंकी किल्ली शोधून ठेवा. किल्ली नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही.

ड्रायव्हरचा घोळ असेल तर सेफ मोड. विंडोज ७पर्यंत चालणारी एफ ८ची कळ दहामध्ये सहसा चालत नाही. त्याऐवजी लोगो दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करायचं. असं दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा मेनू आपणहून येतो. त्यात स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ४चा आकडा दाबला की सेफ मोड. तिथं मशीन नीट चाललं, तर अंगठ्याच्या मशीनचा किंवा डोंगलचा अलीकडे टाकलेला ड्रायव्हर काढा आणि कंपनीच्या साइटवरून दहासाठीचा टाका.

त्याच मेनूत कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकीही आहे. तिथं 'नोटपॅड' टाइप करून एंटर मारलं की नोटपॅड उघडतं. त्याच्या 'ओपन'मध्ये फाइलचा प्रकार 'ऑल फाइल्स' केला की सगळ्या डिस्क आणि फोल्डर दिसतात, आणि हव्या त्या फाइली तिथूनच कॉपी करून पेनड्राइव्हवर नेता येतात. फॉरमॅटची भाषा करणाऱ्याला आधी हे करायला लावा. शिवाय या खिडकीत 'सी' हा नेहमीचा 'सी' असेलच असं नाही, 'डी' निघू शकतो. बूटच्या फाइली नव्यानं लिहिणारी 'बीसीडीबूट' ही कमांड चुकीच्या अक्षरावर चालवून 'होत नाही' म्हणणारे कारागीर कमी नाहीत.

मागे जाण्याचा सरळ रस्ता अकरा मारल्यापासून दहाच दिवस खुला असतो. जुनं विंडोज तोवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात पडून असतं, नंतर पुसलं जातं. जागा वाढवायला म्हणून तो फोल्डर उडवू नका. आणि परतीचं काम चालू असताना लाईन गेली तर मशीन अर्ध्यात लटकतं. यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर त्या दिवशी हे काम काढूच नये.

विंडोज ७वर जाण्याचा मोह अजून काहींना होतो. ते २००९चं विंडोज. नव्या मशीनमधला यूएसबी ३ त्याला कळत नाही, त्यामुळे सेटअपच्या पहिल्याच पानावर माउस आणि कीबोर्ड मुके होतात. एनव्हीएमई डिस्क त्याला दिसत नाही. त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२०लाच थांबले. आधार आणि बँकेची कामं होतात त्या टेबलावर ते नकोच.

काट्याची गोष्ट वेगळी. डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्राम फक्त ३२ बिट विंडोजवर चालतात, त्यामुळे तिथं अकरा कधीच उपयोगी पडणार नव्हतं. त्यासाठी जुनं ३२ बिट मशीन वेगळं ठेवा, त्याला नेटची वायर लावू नका, आणि कापसाचा सीझन सुरू होण्याआधी त्याच्या अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. गाड्यांची रांग लागल्यावर ते करायला वेळ मिळत नाही.