जुनी शिडाची होडी मोडताय? उक्ती विकू नका. आधी कागद पाहा, मग एकेक भाग सोडवा

मालवण, देवगड, वेंगुर्ला, हर्णै, दाभोळ. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात खाडीकडे गेलं की एखादी जुनी होडी वाळूत कलंडलेली दिसतेच. कधीकाळी ती शिडावर चालली, पुढे तिला इंजिन बसलं, नंतर पोरं मुंबईला गेली आणि होडी पावसात भिजत राहिली. एक दिवस भंगारवाला येतो, होडीभोवती एक फेरी मारतो आणि उक्ती रक्कम सांगतो. "जागा तरी मोकळी होईल" म्हणून घरातली माणसं हो म्हणतात.

नुकसान तिथेच होतं. एका होडीत लाकूड, लोखंड, पितळ, शिसं, दोर, कापड, इंजिन असा सहा-सात प्रकारचा माल असतो. प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं आणि भावही वेगळा. उक्त्या सौद्यात सगळा माल लाकडाच्या किंवा लोखंडाच्या भावात जातो.

आधी कागद, मग कुऱ्हाड

होडी कुणाच्या नावावर आहे ते पहिलं बघा. पुष्कळदा ती वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असते. अशा वेळी सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या. फोनवर "विका रे" म्हणणारा भाऊ पैसे आल्यावर वेगळं बोलू शकतो.

दुसरं म्हणजे कर्ज. मच्छीमार सोसायटीमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमचं किंवा बँकेचं कर्ज घेतलं असेल तर होडी तारण असते. कर्ज फिटल्याचा दाखला हातात येईपर्यंत एक फळीसुद्धा विकू नका.

तिसरं, नोंदणी आणि मासेमारी परवाना. महाराष्ट्रात मासेमारीचा परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 खाली मिळतो. होडी मोडणार असाल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नोंदणी आणि परवाना रद्द करण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. होडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, नंबर दिसेल असे. 2008 च्या मुंबई हल्ल्यात अतिरेकी 'कुबेर' ही मासेमारी बोट ताब्यात घेऊन आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावर बोटीचा नंबर आणि कागद काटेकोर बघतात. होडी मोडली पण नंबर कागदावर जिवंत राहिला, आणि तो दुसऱ्या कुणी वापरला, तर चौकशी मूळ मालकाकडेच येणार. विम्याचे हप्ते आणि डिझेल कोटा चालू असेल तर तेही लेखी बंद करा.

मोडायची की अख्खी विकायची?

होडी बांधणाऱ्या सुताराला एकदा दाखवा. तो हातोडीने फळ्या ठोकून बघेल. खणखणीत आवाज आला तर लाकूड चांगलं, बद्द आवाज आला तर आतून पोकळ. समुद्रातला किडा पाण्याखालच्या फळ्या आतून पोखरतो. वरून एखादं बारीक भोक दिसतं, आत चाळण झालेली असते. बुडाचं मुख्य लाकूड आणि आतली वाकडी चौकट शाबूत असेल तर दुरुस्त करून चालवणारा कुणी अख्खी होडी घेऊ शकतो. असं गिऱ्हाईक असेल तर आधी त्याच्याशी बोला.

वेळ आणि जागा

राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि त्याआधी होड्या शाकारायची लगबग चालते. त्या गडबडीत सुतार मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये लाकूड सुकं असतं, माणसंही मोकळी असतात. होडी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला जितकी वर ओढता येईल तितकी ओढा. पुढे भांगाच्या दिवसांत पाणी तिथवर पोचत नाही, काम निवांत होतं. दोन्ही बाजूंना भक्कम टेकू लावल्याशिवाय कुणी आत चढू नये. फळ्या निघत जातात तशी होडी हलकी आणि कमकुवत होते, आणि एका अंगावर कलते.

सोडवायचा क्रम

1. डिझेल, इंजिन ऑइल आणि बुडातलं तेलकट पाणी आधी डब्यात काढा. बॅटरी सोडवा.
2. मग शीड, दोर, कप्प्या आणि डोलकाठी. होडी घट्ट उभी असतानाच डोलकाठी उतरवावी. चार बाजूंनी दोर धरून, सावकाश. हे दोघा-तिघांचं काम नाही.
3. त्यानंतर इंजिन, शाफ्ट, पंखा, सुकाणू.
4. मग वरच्या फळ्यांपासून खाली या. आतली चौकट त्यानंतर, बुडाचं लाकूड सगळ्यात शेवटी.

पहार घालून फळी उपटली की ती खिळ्याच्या भोकापासून चिरते. खिळ्याचं डोकं कापा किंवा खिळा आत ठोकून फळी सोडवा. जास्त वेळ लागतो, पण अखंड फळीला भाव मिळतो.

कोणता माल कुणाला?

लाकूड: सागाच्या जुन्या फळ्यांना फर्निचरवाले आणि हॉटेल-रिसॉर्ट सजवणारे विचारतात. खिळे काढून, गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत रचून ठेवा. खिळा राहिला तर सॉ मिलचं पातं तुटतं, म्हणून खिळेवाल्या लाकडाला कुणी हात लावत नाही. विक्री घनफुटावर करा. 15 फूट लांब, 9 इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे सुमारे 1.4 घनफूट. अशा दहा फळ्या 14 घनफूट होतात. माल जिल्ह्याबाहेर न्यायचा असेल तर गाडी भरण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात कागदांबद्दल विचारा.

धातू: खिशात लोहचुंबक ठेवा. लोखंडाला चिकटतं, पितळ, तांबं, शिसं यांना चिकटत नाही. पंखा बहुधा पितळ किंवा गनमेटलचा असतो, काही जुन्या होड्यांत तांब्याचे खिळेही निघतात. ढीग वेगळे करा, वजन स्वतः करा, दोन-तीन ठिकाणी त्या दिवसाचा भाव विचारा. समजा भावात किलोमागे 200 रुपयांचा फरक आहे, तर 20 किलोच्या पंख्यात 4,000 रुपये इकडचे तिकडे होतात.

इंजिन: चालू असेल तर चालवून दाखवा, विकताना नंबर लिहून पावती करा. बंद असेल तरी पंप, गिअर, स्टार्टर असे सुटे भाग मेकॅनिक घेतात.

शीड, दोर, नांगर, कप्प्या: हे गावातच खपतं. जुनं शीड गवताच्या गंजीवर किंवा लाकडावर झाकायला कामी येतं. नांगर आणि चांगल्या कप्प्या भंगारात घालू नका, दुसरा होडीवाला त्यापेक्षा जास्त देईल.

हे विकू नका, जाळू नका

मुदत संपलेली लाइफ जॅकेट वापरायला म्हणून कुणाला देऊ नका. त्यात माणसाचा जीव आहे. सरकारी योजनेतून मिळालेला ट्रान्सपॉन्डर मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारल्याशिवाय विकू नका.

होडीचं रंगवलेलं लाकूड चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात घालणं धोक्याचं आहे. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि बुडाच्या रंगात शेवाळ-शिंपले मारणारं विष असतं. त्याचा धूर घरातल्या लहान मुलांना सर्वांत आधी बाधतो. फायबरचा थर असेल तर तोही जाळू नका. कापताना तोंडाला मास्क आणि अंगभर कपडे हवेत. जळकं तेल खाडीत ओतू नका, नाहीतर आपल्याच तिसऱ्या-कालवांची वाट लागेल. बॅटरी दुकानदाराकडे परत द्या, 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करणं कंपन्यांना बंधनकारक आहे.

हिशेब मांडताना

एका वहीत दोन रकाने करा. एकीकडे सुतार, मजूर, टेम्पो यांचा खर्च, दुसरीकडे प्रत्येक मालाची रक्कम. भंगारवाल्याची उक्ती रक्कम वर लिहून ठेवा. होडी फार किडलेली असेल आणि मजुरीच जास्त होत असेल तर पंखा, इंजिन, नांगर आणि तांबं-पितळ काढून घ्या आणि उरलेला सांगाडा उक्ता द्या. भावाभावांत वाटणी करायची असेल तर हीच वही सगळ्यांसमोर ठेवता येते. नोंदणी रद्द झाल्याचा कागद, कर्जफेडीचा दाखला आणि विक्रीच्या पावत्या मात्र होडी गेल्यावरही जपून ठेवा.