कलम 41, एक ट्रॅक्टर आणि मृगातला दिवस

सकाळी 5:30
चहाच्या आधी मोबाइल. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप उघडते, आजूबाजूला वीज कुठे पडतेय ते त्यात दिसतं. मग हवामान खात्याचा जिल्हावार रंग बघते. आज आदिलाबाद पिवळा. म्हणजे दुपारनंतर गडगडाट, वारं, विजा. मृग लागलाय, सरकी टोबायची घाई आहे, आज कोणी घरी बसणार नाही.

आमचं गाव तेलंगणात, पैनगंगेच्या काठचं, पलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा. 1956 मध्ये भाषेवरून राज्यं झाली तेव्हा किनवट, राजुरा तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. घरात मराठी, दफ्तरात तेलुगू, शेजारच्या गुड्यावर गोंडी. पुराचं पाणी मात्र महाराष्ट्रातून येतं.

7:00
पंचायत सेक्रेटरीचा दिवस चेहरा दाखवून सुरू होतो. मोबाइलवर हजेरी, मग सफाईचा रोजचा अहवाल, नालीचे फोटो. कामगार नाली उपसायला गेले की मी ट्रॅक्टरपाशी जाते.

‘पल्ले प्रगती’ योजनेत राज्यातल्या पंचायतींना ट्रॅक्टर, ट्रॉली, टँकर मिळाले, कचरा उचलायला आणि झाडांना पाणी घालायला. पण नाल्याला पूर आला की बाळंतीण, म्हातारी माणसं, रेशनची पोती सगळं त्याच ट्रॉलीत बसतं. म्हणून मृगापासून दिवाळीपर्यंत माझा नियम: डिझेल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. सीटखाली जाड दोर, टॉर्च, आणि झाकण घट्ट बसणारे रिकामे कॅन. ड्रायव्हर हसतो. “मॅडम, हे तर तेलाचे डबे.” छातीला बांधले की हेच डबे माणसाला तरंगवतात, हे त्याला गेल्या प्रशिक्षणात कळलंय, तरी हसतो.

10:00
शाळेच्या व्हरांड्यात आपत्तीचं प्रशिक्षण द्यायला अग्निशमन दलाचे दोन जवान आलेत. महिला गटाच्या बाया, आशा, अंगणवाडीताई, चार पोरं, आमचे कामगार.

या कार्यक्रमाला आधार कसला, असं सरपंचानं विचारलं होतं. आधार भक्कम आहे. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आलं, दरवर्षी फेरआढावा घ्यायची जिल्हा योजना आली. लोक तेवढंच वाचतात. पुढचं कलम 41 कोणी वाचत नाही. ते स्थानिक संस्थांसाठी आहे, आणि कायद्याच्या व्याख्येत पंचायतही स्थानिक संस्थाच. आपल्या अधिकाऱ्यांना नि कर्मचाऱ्यांना आपत्तीचं प्रशिक्षण मिळेल हे तिनं बघायचं, आणि साधनं वेळेला हाताशी येतील अशी ठेवायची. म्हणजे डिझेलची अर्धी टाकी हा माझा हट्ट नाही, कायदा आहे.

जवान रबरी पुतळा जमिनीवर ठेवतो. छातीच्या मधोमध तळहात, कोपर ताठ, मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच सेंटिमीटर खोल. पोरं जोरात सुरू करतात आणि लवकरच दमतात. महिला गटातल्या एक मावशी मात्र एकसारख्या लयीत दाबत राहतात. जन्मभर उखळात कांडलेले हात आहेत ते. जवान म्हणतो, “बस, अक्का, हेच पाहिजे.”

मग नेहमीचा प्रश्न येतो: वीज पडलेल्या माणसाला हात लावायचा का? लावायचा, लगेच. त्याच्या अंगात करंट राहत नाही. वीज बहुतेकदा हृदय थांबवून मारते, म्हणून श्वास नसला तर दाब सुरू करायचा आणि 108 ला फोन लावायचा. आपल्याकडे शेणात पुरून ठेवतात. त्यात वाचवण्याची वेळ जाते, आणि ती मिनिटांचीच असते.

दुपारी 1:30
प्रशिक्षण झालं, सह्या झाल्या, फोटो गेले. पण व्हरांड्यात ज्या बसल्या त्या वावरात नाहीत, आणि वावरात ज्या आहेत त्या व्हरांड्यात आल्या नव्हत्या. म्हणून जवानांना ट्रॉलीत बसवून धुऱ्यावर नेलं.

जून 2025 मध्ये एकाच दिवशी आमच्या जिल्ह्यात गादीगुडा आणि बेला मंडळांत विजेनं सहा जीव घेतले, शेतात कामावर असताना. ही गोष्ट इथे सांगावी लागत नाही. जवान सांगतो: पहिला गडगडाट ऐकला की झाडाखाली जाऊ नका, लोखंडी पास खाली टाका, पक्क्या घरात जा. ट्रॅक्टरवरही बसू नका. तो पुरात कामाचा, विजेत नाही, कारण वरून उघडा आहे.

बाया ऐकतात. एक जण म्हणते, “मॅडम, गडगडतं तर दर दुपारी. रोज पाडून घरी बसू काय?”

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तिकेत नाही. अर्धा दिवस सुटला की अर्धा रोज कापला जातो, आणि त्याच अर्ध्या रोजासाठी माणूस झाडाखाली थांबतो. मालक तिथेच होता. बोलणं झालं: मृगात काम उजाडताच सुरू, दीडला सुट्टी, रोज पूर्ण. तो लगेच हो म्हणाला नाही. “बघू” म्हणाला. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे शेजारचा तयार झाला की मी तयार. आता शेजाऱ्याकडे जाणं आलं.

माझं मत विचाराल तर कामाची वेळ बदलणं हीच विजेवरची पहिली तयारी. पुतळा त्यानंतर.

3:40
आभाळ भरलं, सगळ्या शाळेत. वीज नाल्यापलीकडे पडली. नुकसान नाही.

5:00
ड्रायव्हरबरोबर पुलाच्या खांबावर रंग मारला. पिवळी रेघ म्हणजे गुरं सोडा, लाल म्हणजे खालची आळी रिकामी करा. जुलै 2023 मध्ये आमच्याच जिल्ह्यात डोल्लाऱ्याला पैनगंगा इतकी चढली की हैदराबाद-नागपूर महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली होती. वर महाराष्ट्रात इसापूर धरणाचे दरवाजे उघडले की निरोप तिथल्या कार्यालयातून आमच्या जिल्ह्याला, तिथून मंडळाला, मग मला. पलीकडच्या गावात माझे मावसदीर राहतात. त्यांचा फोन बहुधा आधी येतो. सोयरिकीला राज्याची सीमा लागत नाही. पण पूर सोयरिकीच्या भरवशावर सोडायचा नसतो. म्हणून दोन्ही काठांच्या पंचायतींचे नंबर आता भिंतीवर लिहिलेत.

8:00
अहवाल भरते. हजर किती, फोटो किती. पुरात कोण कोणाला उचलणार, याचा रकाना नाही.

एप्रिल 2025 मध्ये तेलंगणानं उष्माघात राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केला आणि दगावलेल्याच्या घरी 4 लाख देण्याचं ठरवलं. चांगलं केलं. मेल्यावर किती द्यायचे ते आकड्यात आहे. जगवायला किती जणांना शिकवायचं, तेही तसंच आकड्यात यावं.

तुमचं गाव कुठलंही असो, पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: कलम 41 प्रमाणे आपल्या पंचायतीत प्रशिक्षण कोणाकोणाला मिळालं, आणि कधी? उत्तर ठरावात लिहून घ्या. आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर 1077 घरातल्या शाळकरी पोराकडूनही पाठ करून घ्या.