मुंबई हायमधील खनिज तेलाचा उगम व स्थलांतर
गाळाच्या खडकांच्या खोऱ्यात खनिज तेल जेथे तयार होते तेथेच ते सापडते असे नाही. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किमी अंतरावर अरबी समुद्रात असलेले मुंबई हाय हे याचे उदाहरण होय. तेथे १९७४ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या ‘सागर सम्राट’ या खोदनौकेने तेल शोधले.

या खोऱ्याचा तळ बहुतांशी दख्खनच्या बेसाल्टचा आहे, साक्री (जि. धुळे) परिसरातील काळा पाषाण हा त्याच लाव्हाप्रवाहांचा भाग होय. बेसाल्टवर साचलेल्या पन्ना शैलसमूहातील शेल खडकांत सेंद्रिय द्रव्य गाडले गेले. साधारणतः ६० ते १२० अंश सेल्सिअस तापमानात अशा द्रव्यापासून तेल बनते. पाण्याहून हलके असल्याने हे तेल सच्छिद्र थर व विभंगांच्या वाटेने वर सरकले आणि उंचवट्यावरील मायोसीन कालीन चुनखडकात साठले. वरच्या शेलच्या थराने ते अडविले.

तेलातील प्राचीन जीवांचे अवशेषरूप रेणू व कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण शेलमधून काढलेल्या अर्काशी ताडून त्याचा उगम ठरवितात. उंचवटा अचूक सापडला, तरी तेलाची वाट तेथवर पोहोचली नसल्यास विहीर कोरडी निघते. त्यामुळे खोदकामापूर्वी हा माग काढणे आवश्यक ठरते.