चौदा वर्षांचा प्रश्न आणि ‘सात हिंदुस्तानी’

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात आजही मराठी घरे आहेत आणि त्या घरांतून गणपती, हळदीकुंकू, वाचनालयाची वर्गणी असे सारे काही टिकून आहे. नोकरीच्या निमित्ताने गोव्याहून येथे आलेल्या माझ्यासारख्याला ही घरे फार लवकर आपलीशी वाटली. गेल्या डिसेंबरात, गोवा मुक्तिदिनाच्या आदल्या संध्याकाळी, अशाच एका घरी आम्ही पंधरा-वीस जण ‘सात हिंदुस्तानी’ हा चित्रपट पाहण्यासाठी जमलो होतो. सुचवणारा मीच होतो. गोव्याच्या मुक्तिलढ्यावरचा चित्रपट, ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासारखा दिग्दर्शक आणि अमिताभ बच्चन यांची पहिली भूमिका, एवढी पुंजी पुरेशी होईल असे वाटले होते.

चित्रपट संपला. चहा आला. सगळे भिडस्तपणे गप्प होते. तेव्हा महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी म्हणाली, “काका, आमचं बडोदा संस्थान १९४९ मध्येच विलीन झालं. मग गोव्याला १९६१ साल का उजाडावं लागलं? हे तर सिनेमात कुठे आलंच नाही.”

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना माझी तारांबळ उडाली. घरी परतल्यावरही तो डोक्यातून जाईना. हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर होय.

आधी बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांनी नावारूपाला आणलेले हे संस्थान १ मे १९४९ रोजी तेव्हाच्या मुंबई प्रांतात विलीन झाले. भारतातील संस्थाने ब्रिटिशांच्या सार्वभौम छत्राखाली होती. ते छत्र १९४७ मध्ये उडाले आणि संस्थानिकांच्या पाठीशी कोणतीही परकी सत्ता उरली नाही. सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी कुठे समजुतीने, कुठे दबावाने, तर हैदराबादेत सैन्य पाठवून हा प्रश्न मिटवला. गोव्याची गोष्ट वेगळी. तेथे १५१० पासून पोर्तुगालची सत्ता होती आणि पोर्तुगाल हे एक स्वतंत्र राष्ट्र होते. बडोद्याच्या नवसारी प्रांतापासून दमण काही फार दूर नव्हते. नवसारीचा माणूस भारतीय नागरिक झाला, पण दमणच्या माणसाचे भवितव्य लिस्बनशी होणाऱ्या बोलण्यांवर अवलंबून राहिले. संस्थानांचा प्रश्न संस्थान खात्याचा होता, गोव्याचा परराष्ट्र खात्याचा झाला. विलंबाचे पहिले कारण हे असे कायद्याचे आहे आणि ते खरेही आहे.

परंतु ते पुरेसे नाही.

डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली ती १८ जून १९४६ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र होण्याच्याही आधी. भारत सरकारने लिस्बनमध्ये वकिलात उघडली १९४९ मध्ये. वसाहतींच्या हस्तांतरासाठी वाटाघाटी सुरू कराव्यात, अशी रीतसर विनंती केली २७ फेब्रुवारी १९५० रोजी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने बोलणी करण्यासही नकार दिला आणि १९५१ मध्ये घटनाच बदलून वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ ठरवले. वसाहतच नाही म्हटल्यावर ती सोडण्याचा प्रश्नही नाही! अखेर ११ जून १९५३ रोजी भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. एक दार बंद झाले, पण दुसरे उघडले नाही. पुढची साडेआठ वर्षे ही त्या दोन दारांमधली वर्षे आहेत.

पंडित नेहरूंचा हिशेब काय होता? तो समजून घेतला पाहिजे, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. पाँडिचेरीचा फ्रेंचांशी चर्चेने निकाल लागत होता आणि १ नोव्हेंबर १९५४ रोजी त्या वसाहतींचा कारभार प्रत्यक्ष भारताकडे आलाही. जे पॅरिसने केले ते लिस्बन आज ना उद्या करील, अशी आशा होती. कोरिया आणि इंडोचीनच्या संघर्षांत भारत मध्यस्थाची भूमिका बजावत होता. जगाला शांततेचा उपदेश करणाऱ्याने शेजारच्या छोट्या वसाहतीवर रणगाडे घालावेत कसे, हा पेच होता. पोर्तुगाल १९४९ पासून ‘नाटो’चा संस्थापक सदस्य होता. काश्मीरचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत अडकला होता आणि तेथे आक्रमकाचा शिक्का भारताला परवडणारा नव्हता.

या हिशेबात एक मोठी चूक होती. फ्रान्समध्ये संसद होती, विरोधी पक्ष होते, वृत्तपत्रे होती, सरकारे मतांवर पडत होती. पोर्तुगालमध्ये यांपैकी काहीच मोकळे नव्हते. वाटाघाटी असोत की सत्याग्रह, दोन्हींचा परिणाम प्रतिपक्षाच्या लोकमतातून होत असतो. ज्या देशात लोकमताला वाचाच नाही, तेथे नैतिक दडपण कोणाच्या मनावर येणार? सालाझारला वसाहती टिकवायच्या होत्या, कारण त्यांच्यावरच त्याच्या राजवटीची प्रतिष्ठा उभी होती. गोवा सोडला तर उद्या अंगोला आणि मोझांबिकही मागणार, हे तो जाणून होता. वाट पाहण्याचे धोरण तेव्हाच शहाणपणाचे असते, जेव्हा काळ आपल्या बाजूने काम करीत असतो. येथे तो सालाझारच्या पथ्यावर पडत होता.

या धोरणाची कसोटी वडोदऱ्याहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर लागली. वापीजवळचे दादरा २२ जुलै १९५४ रोजी मुक्त झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. हे काम सैन्याने केले नाही. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्या स्वयंसेवकांनी ते केले. त्यांत पुढे ‘गीतरामायणा’मुळे घराघरात पोहोचलेले सुधीर फडके होते आणि शिवचरित्रासाठी आयुष्य वेचणारे बाबासाहेब पुरंदरेही होते. दिल्लीने एवढेच केले की दमणहून पोर्तुगीज कुमक भारतीय हद्दीतून जाऊ दिली नाही. तो मुक्त प्रदेश मात्र भारतात घेतला नाही. तेथे वरिष्ठ पंचायत कारभार पाहत राहिली. सात वर्षांनी, ऑगस्ट १९६१ मध्ये, दादरा-नगर हवेली केंद्रशासित प्रदेश झाला. विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला औपचारिकरीत्या त्या इवल्याशा प्रदेशाचे पंतप्रधान नेमावे लागले. लोकांनी मुक्त करून हाती दिलेली भूमी उचलून घ्यायला सात वर्षे!

पोर्तुगालने मात्र हातपाय हलवले. डिसेंबर १९५५ मध्ये त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. या खटल्यात पेशव्यांच्या दरबाराने पोर्तुगीजांशी १७७९ मध्ये केलेला करार आणि १७८३ व १७८५ च्या सनदा बाहेर निघाल्या. मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिलेली गावे ही सार्वभौमत्वाची देणगी नव्हती; ती सरंजामाच्या, म्हणजे महसुलाच्या हक्कापुरती होती, असा अर्थ न्यायालयाने लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात पोर्तुगालला खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या वाहतुकीचा हक्क १९५४ मध्ये होता असे म्हटले गेले. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा नेण्याचा नव्हता. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असाही निर्वाळा मिळाला. भारताने खटला उत्तम लढवला, यात शंका नाही. पण चाल पोर्तुगालने खेळायची आणि उत्तर आपण द्यायचे, हा क्रम त्यातही कायम राहिला.

आता १५ ऑगस्ट १९५५. देशाच्या कानाकोपऱ्यांतून हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर पोहोचले. पंजाबातील इस्सरू गावचा कर्नैलसिंग पत्रादेवीला गोळी लागून कोसळला. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोद्राबाई राय हातात तिरंगा असताना जखमी झाल्या. त्या दिवशी वीसहून अधिक माणसे मारली गेली. सरकारने या सत्याग्रहींना धड रोखले नाही, आणि ते पुढे गेल्यावर त्यांच्या पाठीशीही उभे राहिले नाही. रक्त सांडल्यावर सामुदायिक सत्याग्रहावर बंदी आली, राजनैतिक संबंध तुटले आणि आर्थिक नाकेबंदी कडक झाली. नाकेबंदीचा चटका लिस्बनला किती बसला? गोव्याच्या लोहखनिजाला परदेशी गिऱ्हाईक होते, त्यामुळे वसाहतीची तिजोरी चालू राहिली. हाल झाले ते मुंबईत कमावणाऱ्या आणि गोव्यात आईबाप असलेल्या कुटुंबांचे. सीमेच्या दोन बाजूंना नाती ताटकळत राहिली.

अखेर नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून पोर्तुगीजांनी ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर आणि मच्छीमारांवर गोळीबार केला. डिसेंबरच्या १८ तारखेला ‘ऑपरेशन विजय’ सुरू झाले आणि १९ च्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली. चौदा वर्षे अडून राहिलेले काम दोन दिवसांत आटोपले. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावाला सात मते पडली, विरोधात चार, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. पाश्चात्त्य देशांची जी टीका टाळण्यासाठी एवढी वाट पाहिली, ती टीका झालीच.

वाट पाहण्याच्या बाजूने एक बळकट मुद्दा आहे, तो डावलणे अन्यायाचे होईल. १९६१ पर्यंत जग बदलले होते. आफ्रिकेतील अनेक देश स्वतंत्र झाले होते आणि डिसेंबर १९६० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा संमत केला होता. १९५० मध्ये सैन्य पाठवले असते, तर भारताला एवढे पाठीराखे मिळाले नसते. हे खरेच. परंतु १९५५ ते १९६० या काळात या बदलत्या वाऱ्याचा उपयोग करून घेण्याची तयारी दिल्लीत दिसली नाही. उलट ऑक्टोबर १९६१ मध्ये पोर्तुगीज वसाहतींवर दिल्लीत परिसंवाद भरला, तेव्हा आफ्रिकी प्रतिनिधींनीच भारताला पुढे होण्याचा आग्रह केला. संयम आणि निष्क्रियता दिसायला सारख्याच असतात. संयमी माणसाला पुढचे पाऊल कोणते ते ठाऊक असते, एवढाच त्यांत फरक. आपल्याजवळ ते पुढचे पाऊल बराच काळ नव्हते.

आता चित्रपटाकडे. ‘सात हिंदुस्तानी’ १९६९ चा. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील सहा तरुण आणि मारिया ही गोमंतकीय मुलगी पोर्तुगीजांच्या ठाण्यांवर तिरंगा फडकावतात. पुढे हे सहाही जण आपापल्या भाषेच्या, धर्माच्या कुंपणात अडकतात आणि आजारी मारियाच्या हाकेने पुन्हा एकत्र येतात. बंगाली उत्पल दत्त यांना पंजाबी करायचे, मल्याळी मधू यांना बंगाली करायचे, ही अब्बास यांची कल्पना मोठ्या मनाची होती. चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला, कैफी आझमींना गीतलेखनाचा. तिकीटबारीवर मात्र तो पडला.

माझी निराशा संथ गतीमुळे किंवा तुटपुंज्या निर्मितीमुळे झालेली नाही. ती झाली, कारण या कथेत गोवा हे निमित्त आहे. सातांत गोमंतकीय एकच, आणि तीही मुख्यतः बाकीच्यांना हाक मारण्यापुरती. लढा जिंकायला माणसांचे धैर्य पुरेसे होते, असा समज घेऊन प्रेक्षक उठतो. धैर्याला कधीच तोटा नव्हता. वानवा होती ती त्या धैर्याला साथ देणाऱ्या धोरणाची, आणि चित्रपटाची नजर तिकडे वळत नाही. म्हणूनच त्या मुलीचा प्रश्न पडद्यावर अनुत्तरित राहिला.

दुःखाची गोष्ट ही की एकात्मतेची खरी कथा त्याच वर्षी समोर होती. सांगलीचे मनोहर आपटे, म्हणजेच मोहन रानडे, मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली, पुढे पोर्तुगालला नेण्यात आले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. रानडे झाले नाहीत. लिस्बनजवळच्या कोठडीत त्यांनी आणखी सात वर्षे काढली. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी झटत राहिले. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे त्यांच्यासाठी शब्द टाकल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले, तेव्हा तेरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. महाराष्ट्राचा माणूस, गोव्यासाठी तुरुंगात, आणि त्याची रदबदली करणारा तमिळ नेता. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘सात हिंदुस्तानी’ पडद्यावर आला.

तेव्हा त्या मुलीला आज मी एवढेच सांगेन. बडोद्याच्या पाठीशी परकी सत्ता उरली नव्हती, गोव्याच्या डोक्यावर ती होती. म्हणून काही वर्षे उशीर होणारच होता. बाकीची वर्षे मात्र आपल्या वाट पाहण्यात गेली, आणि त्या वाट पाहण्याची किंमत दिल्लीने मोजली नाही. ती पत्रादेवीला कर्नैलसिंगने मोजली आणि लिस्बनजवळच्या कोठडीत मोहन रानडे यांनी. येत्या डिसेंबरात त्या घरी पुन्हा जमायचे ठरले आहे. या खेपेस चित्रपट लावणार नाही. मोहन रानड्यांची गोष्ट सांगणार आहे.